गिरडच्या टेकडीपासून नोर्ग्येलिंगपर्यंत

नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या राजमार्गावर जामचा चौरस्ता लागतो. तेथून थोडे आत वळले म्हणजे वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर हे तालुक्याचे गाव येते. काळी कसदार जमीन, तीत कापूस, तूर, हरभरा आणि गेल्या काही दशकांत सर्वत्र पसरलेले सोयाबीन, तहसील कचेरी, पंचायत समिती, आठवड्याचा बाजार आणि एस.टी.ची वाट पाहत उभी असलेली खेड्यापाड्यांतील माणसे, असा या गावाचा बाह्य प्रपंच आहे. या तालुक्यातील कोणत्याही खेड्यात सायंकाळी जाऊन पाहावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना कोठे चाललेली असते, कोठे बुद्धविहारात पंचशील म्हटले जात असते, कोठे विठ्ठलाच्या देवळात टाळ वाजत असतात, तर कोठे मशिदीतून बांग ऐकू येते. आणि या प्रत्येक ठिकाणी मोठ्यांच्या मांडीशी एखादे पोर बसलेले असतेच असते. त्याला अर्थ कळत नाही, शब्द अर्धेच येतात, मध्येच झोप लागते. तरीही वर्षा-दोन वर्षांत तो सारा पाठ त्याच्या तोंडी बसतो. त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागते, असा विचार या मुलखातील आईबापांच्या मनाला कधी शिवलेला नाही.

जेथे हा विचार मनाला शिवतो, किंबहुना अन्य सर्व विचारांच्या आधी शिवतो, अशा देशात लहानाची मोठी झालेली माणसे आमच्या विदर्भातच राहतात. हिवाळा सुरू झाला की आपल्याकडील मोठ्या गावांतून लोकरी कपड्यांची दुकाने मांडून बसणारे तिबेटी स्त्री-पुरुष आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. घासाघीस करून आपण त्यांच्याकडून स्वेटर घेतो आणि घरी येतो. परंतु ही मंडळी हिवाळा संपल्यावर जातात कोठे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. त्यांपैकी काहींचे घर गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील गोठणगावाजवळ, प्रतापगडाच्या परिसरात आहे. त्या वसाहतीचे नाव नोर्ग्येलिंग. महाराष्ट्रातील तिबेटी निर्वासितांची ही शेतीवर उभी राहिलेली वसाहत 1972 साली वसली. त्या वेळी तो मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असल्यामुळे तिबेटी लोक आजही तिला बोलण्यात 'भंडारा' असेच म्हणतात. समुद्रपुराहून तेथपर्यंतचे अंतर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरांचे. माघ संपता संपता, स्वेटरांची दुकाने आटोपून माणसे घरी परतलेली असतात अशा बेताने, मी त्या वाटेला लागलो.

वाटेत पहिला मुक्काम गिरडचा. समुद्रपूर तालुक्यातच, उमरेडच्या रस्त्यावर, एका टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. या टेकडीवर सुपारी-जायफळाच्या आकाराचे लहान लहान वाटोळे दगड विखुरलेले सापडतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे म्हणतात. लोकश्रद्धा म्हणते की, कोणा व्यापाऱ्याने बाबांची थट्टा केली आणि त्याच्या गाडीतील मालाचे दगड झाले. मी वर चढत होतो तेव्हा माझ्यापुढे एक कुटुंब चालले होते. कपाळी ठसठशीत कुंकू लावलेली आई, डोक्यावर रुमाल बांधलेला बाप आणि पाच-सहा वर्षांची एक मुलगी. मुलगी वाटेतले दगड वेचून फ्रॉकच्या ओच्यात भरीत होती आणि आई तिला एकेक दगड परत ठेवायला सांगत होती, "बाबाच्या घरचं आहे ते, मांगून घ्यावं, उचलून नाही." एवढे सांगून ती माउली पुढे गेली. चोरी करू नये, वडीलधाऱ्यांच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावे, आणि बाबा कोणत्याही धर्माचा असला तरी आपलाच आहे, या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात त्या मुलीला मिळाल्या. कोणत्याही शाळेच्या अभ्यासक्रमाला हे काम इतक्या अल्प शब्दांत साधणार नाही. धर्म लहानपणी पोचतो तो असा, आईच्या तोंडच्या अर्ध्या वाक्यातून. आणि म्हणूनच ज्या राजवटींना तो पोचू द्यायचा नव्हता त्यांनी पुजाऱ्यांच्या पाठोपाठ आईकडे लक्ष वळविले, हे मला पुढे नोर्ग्येलिंगात ऐकावयाचे होते.

गिरड सोडल्यावर उमरेडच्या कोळशाच्या खाणी, भिवापुरी मिरचीचे शेतमळे आणि करांडल्याचे जंगल मागे टाकीत रस्ता वैनगंगेच्या काठी पवनीला येतो. प्राचीन तटबंदीचे अवशेष अंगावर वागवणारे हे गाव केवळ वाटेवरचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा देवळाच्या खाली मौर्य-सातवाहन काळातील भव्य स्तूपाचे अवशेष निघाले. दान देणाऱ्यांची नावे कोरलेले स्तंभ सापडले. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्पही सापडले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच वैनगंगेच्या काठी कोणा गृहस्थाने, कोणा भिक्षुणीने आपल्या पदरच्या पैशाने दगड घडवून त्यावर आपले नाव घातले होते. पुढे बौद्ध धर्म या भूमीतून ओसरला आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते तो परत आला. दरम्यानच्या शतकांत तो जेथे जिवंत राहिला त्यांपैकी एक देश तिबेट होता. पवनीचा स्तूप आणि नोर्ग्येलिंगचा छोर्तेन, म्हणजे तिबेटी स्तूप, यांच्यामध्ये रस्त्याने फार तर दोन-अडीच तासांचे अंतर आहे. इतिहासाने मात्र ते हिमालय दोनदा ओलांडून पार केले आहे.

वैनगंगा ओलांडली की भूमी बदलते. काळी माती संपते, धानाच्या बांध्या सुरू होतात, पाण्याची तळी दिसू लागतात. लाखांदूर आणि अर्जुनी-मोरगाव मागे पडले की गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाचा जलाशय उजाडलेल्या आभाळासारखा समोर येतो. त्याच परिसरात वळणावर पांढऱ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्या पताकांच्या माळा बांबूंवर फडफडताना दिसल्या आणि मी पोचलो हे कोणी सांगण्याची गरज राहिली नाही. पळस फुललेला, मोहाची झाडे पानगळीत उघडी पडलेली आणि त्यांच्यामधून या पताका: ज्या वाऱ्यासाठी त्या शिवल्या जातात तो वारा तीन-चार हजार मीटर उंचीवरच्या पठाराचा, आणि येथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. 1959 नंतर दलाई लामांच्या मागोमाग आलेल्या निर्वासितांपैकी अनेकांनी आधी हिमालयात रस्ते फोडण्याची मजुरी केली. नंतर भारत सरकारने त्यांच्यासाठी शेतीच्या वसाहती उभारल्या. कर्नाटकात बैलकुप्पे 1960 साली, त्यानंतर मध्य प्रदेशात, आजच्या छत्तीसगडात, मैनपाट, ओरिसात चंद्रगिरी, मग मुंडगोड अशी ती मालिका आहे आणि नोर्ग्येलिंग तिच्या शेवटाकडे येते. त्या वेळी विदर्भाचेच सुपुत्र वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. जव पिकवणाऱ्या आणि याक चारणाऱ्या माणसांना येथे धान आणि मका पिकवायला शिकावे लागले. पहिल्या पिढीने जंगल, उकाडा आणि ताप यांच्याशी झगडून ही जमीन लागवडीस आणली.

वसाहतीतील एका घरी माझी सोय झाली. घराचे मालक साठी उलटलेले. ते मूळच्या रहिवाशांपैकी नव्हेत. 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस नेपाळमार्गे भारतात आले आणि सोयरिकीने येथे स्थिरावले. नातवंडे गोंदियाकडच्या बोलीतले मराठी सहज बोलतात. आजोबा हिंदीत बोलतात, आणि काही शब्द सापडेनासा झाला की नातीकडे पाहतात. पहाटे उठून त्यांनी प्रथम जे केले ते मी जवळ बसून पाहिले. भिंतीतील लाकडी कपाटात तारादेवीची लहान मूर्ती आणि दलाई लामांचे छायाचित्र होते. त्यांच्यापुढे पितळेच्या सात वाट्या. त्यांनी प्रत्येक वाटी कोरड्या फडक्याने पुसली, मग डावीकडून उजवीकडे एकेक मांडीत पाणी भरले. दोन वाट्यांच्या मध्ये जवाच्या दाण्याएवढे अंतर राहिले पाहिजे. जास्त नको, कमी नको. पाणी काठापर्यंत भरायचे, पण सांडता कामा नये. याकचे लोणी येथे कोठले; दिवा वनस्पती तुपाचा होता. सायंकाळी त्या वाट्या उलट क्रमाने रिकाम्या करून पालथ्या घालायच्या. पाणीच का, असे मी विचारले. पाणी सर्वांना फुकट मिळते, म्हणून ते देताना देणाऱ्याच्या मनात अभिमानही येत नाही आणि हळहळही वाटत नाही, असे त्यांनी सांगितले.

नंतर त्यांनी आपली हकीकत सांगितली. ते शाळेत जाऊ लागले तेव्हा त्यांच्या गावच्या मठात धान्याचे कोठार झालेले होते. मणी-मंत्र कोरलेले दगड पायवाटेत आणि बांधात बसविलेले होते. मुले त्यांवरून चालत. शाळेत शिक्षक विचारीत, तुझ्या घरी कोणी जुन्या गोष्टी करते का? खरे सांगणाऱ्या मुलाची वाखाणणी होई. आजी रात्री पांघरुणात तोंड घालून झोपे आणि तिचे ओठ हलताना त्यांना अंधारातही जाणवत. ती काय म्हणते हे त्यांनी तिला कधी विचारले नाही. कारण ते कळले असते तर शाळेत विचारल्यावर त्यांना एक तर खोटे बोलावे लागले असते किंवा आजीचे नाव सांगावे लागले असते. आजीनेही त्यांना ते कधी शिकविले नाही, आणि त्यामागचे कारणही हेच. नातवाने खोटारडा व्हावे किंवा चुगलखोर व्हावे, यापेक्षा त्याने अडाणी राहावे, असे त्या वृद्धेने ठरविले होते. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे गिरडच्या टेकडीवरची ती आई उभी राहिली. जिला आपल्या लेकराच्या भल्यासाठी त्याच्यापासून आपली प्रार्थना लपवून ठेवावी लागते, त्या स्त्रीच्या दुःखाला आपल्याकडे उपमा नाही.

ही एका घरची हकीकत. तिच्यामागचा इतिहास नोंदलेला आहे. चिनी साम्यवादी सैन्य ऑक्टोबर 1950 मध्ये पूर्व तिबेटात चामदोवर चालून आले. 23 मे 1951 रोजी पेकिंगमध्ये जो सतरा कलमी करार तिबेटी शिष्टमंडळाकडून करून घेण्यात आला त्यात तिबेटी जनतेच्या धर्मश्रद्धेचा आणि चालीरीतींचा आदर केला जाईल, मठांचे रक्षण होईल, असे स्पष्ट शब्दांत लिहिले होते. 10 मार्च 1959 रोजी ल्हासात उठाव झाला, 17 मार्चच्या रात्री दलाई लामा नोर्बुलिंका राजवाडा सोडून निघाले आणि महिनाअखेरीस भारताच्या सरहद्दीत आले. मागे राहिलेल्यांपैकी सर्वांत श्रेष्ठ धर्माधिकारी म्हणजे दहावे पंचेन लामा. ते साम्यवादी सरकारशी सहकार्य करीत होते, त्याने दिलेल्या पदांवर होते; आणि म्हणूनच 1962 साली त्यांनी पंतप्रधान चाऊ एन-लाय यांना सादर केलेल्या सत्तर हजार अक्षरांच्या अर्जाला साक्षीपुराव्याचे मोल आहे. त्यांनी लिहिले की, मध्य तिबेटात पूर्वी अडीच हजारांहून अधिक लहानमोठे मठ होते, ते सुधारणांनंतर सत्तरेक उरले; भिक्षू-भिक्षुणींची संख्या एक लाख दहा हजारांच्या आसपास होती, ती मठांत राहणाऱ्यांपुरती सात हजारांवर आली. ध्यानात घेण्याजोगी बाब ही की, सांस्कृतिक क्रांती तेव्हा चार वर्षे दूर होती. 1966 मध्ये ती आली, 'चार जुन्या गोष्टी' नष्ट करण्याचा पुकारा झाला, ल्हासाच्या जोखांग मंदिरात तरुण लाल रक्षक शिरले, गांदेनसारख्या मठाचे अवशेष उरले. अर्ज करणारे पंचेन लामा स्वतः तुरुंगात गेले आणि 1977 पर्यंत सुटले नाहीत.

मे 1980 मध्ये साम्यवादी पक्षाचे नेते हू याओबांग ल्हासाला आले, तेथील दैन्य पाहून व्यथित झाले, आणि त्यानंतर काही वर्षे हा फास सैल पडला. आमच्या यजमानांच्या गावी लोकांनी जमिनीत पुरलेल्या मूर्ती उकरून काढल्या, भिंतीत चिणलेले ग्रंथ बाहेर काढले. यजमान तेव्हा वीस वर्षांच्या आतबाहेर होते. आजी हयात होती. एके दिवशी त्यांनी तिच्याजवळ बसून विचारले, तू रात्री काय म्हणत होतीस? तिने तारादेवीची स्तुती म्हणून दाखविली. एकवीस श्लोक, एकही अडखळ नाही. जी पाठांतरे पाच-सहा वर्षांच्या मुलाने करायची ती त्यांनी मिसरूड फुटल्यावर, दिवसभराच्या कामाने थकलेल्या जिभेने केली. ते आजही दोन श्लोकांच्या क्रमात चुकतात, असे नात म्हणाली. त्यांनी ते हसून मान्य केले.

निधर्मी राजवटीची ही नीती तिबेटपुरती नव्हती, हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे त्याने वर्धा जिल्ह्याच्याच दुसऱ्या अंगाला, सेवाग्रामला जावे. गोमंतकातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी, ज्यांच्यामुळे मराठी वाचकाला बुद्धचरित्राचा मूळ पाली ग्रंथांवरून परिचय झाला, त्यांनी 1947 च्या जून महिन्यात सेवाग्राम येथे प्रायोपवेशनाने देह ठेवला. याच कोसंबींनी 1929-30 मध्ये लेनिनग्राडला, श्चेरबात्स्की यांनी स्थापिलेल्या बौद्ध विद्येच्या संस्थेत काम केले होते. समतेच्या विचाराचे त्यांना मनापासून आकर्षण होते. परंतु ते ज्या नगरीत राहत होते तेथे अग्वान दोर्जियेव या बुर्यात भिक्षूने झारच्या काळी उभारलेले बौद्ध मंदिर होते. आणि त्याच 1929 सालच्या सोव्हिएट कायद्याने धर्मसंस्थांना मुलांसाठी किंवा तरुणांसाठी कोणतेही मंडळ वा मेळावा चालविण्याची मनाई केली होती. पूजा मोठ्यांनी, ठरलेल्या इमारतीत, सरकारी दफ्तरी नोंद करून करावी. पुढच्या पिढीकडे ती जाऊ नये, म्हणजे धर्म आपोआप म्हातारा होऊन मरेल, असा तो हिशेब होता. दोर्जियेव 1938 च्या जानेवारीत कैदेत असताना वारले. त्याच सुमारास मंगोलियात हजारो लामांना गोळ्या घालण्यात आल्या आणि शेकडो विहार जमीनदोस्त झाले. तेथील धर्मजीवन पुन्हा उभे राहत असताना, 1990 ते 2000 या काळात, भारताचे राजदूत म्हणून लडाखचे कुशक बकुला रिनपोचे उलानबातरला होते. भिक्षूच्या वस्त्रांतील या राजदूताने तेथील विहारांच्या पुनरुज्जीवनास जो हातभार लावला त्याचे स्मरण मंगोल लोक आजही आदराने करतात.

आता दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. जुन्या तिबेटात सरदारांच्या आणि मठांच्या जहागिऱ्या होत्या, त्यांवर राबणारी कुळे होती, आणि त्यांचे जिणे सुखाचे नव्हते. स्वतः दलाई लामांनी जुन्या व्यवस्थेतील अन्याय कधी नाकारलेला नाही. आपल्याकडे अण्णाभाऊ साठे 1961 साली रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहून त्यांनी मराठी श्रमिकाला त्या देशाचे दर्शन घडविले. ज्याने जातीची आणि पोटाची आग सोसली आहे त्या लेखकाला श्रमाची प्रतिष्ठा राखणारा देश पाहून भरून आले, यात अस्वाभाविक ते काय? समतेची भूक खरी आहे आणि धर्माने ती पुष्कळदा उपाशी ठेवली आहे. परंतु या भुकेवरचा उतारा कोणता, याविषयी सर्वांत अधिकारवाणीने बोलू शकणारा माणूस विदर्भाला जवळून परिचित आहे. 20 नोव्हेंबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, बाबासाहेबांनी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना केली. दुःखाचे मूळ शोषणात आहे हे दोघांनाही दिसले, असे त्यांनी मान्य केले. परंतु मार्क्सचा मार्ग बळाचा आणि हुकूमशाहीचा, तर बुद्धाचा मार्ग माणसाचे मन पालटण्याचा, आणि पालटलेले मन शिपाई उभा नसतानाही टिकते, हा त्यांचा निर्णय होता. गिरडच्या वाटेवर, पवनीच्या परिसरात, लाखांदूरच्या वस्त्यांत जागोजागी दिसणारे विहार हे त्या निर्णयाचे फळ आहेत.

शिवाय दोष साम्यवादाच्या नावात नाही, हेही आपल्याच देशाने दाखविले आहे. केरळात 1957 साली निवडणुकीने साम्यवादी मंत्रिमंडळ आले, बंगालमध्ये 1977 ते 2011 इतकी वर्षे डाव्या आघाडीचे सरकार होते. तेथे दुर्गापूजा थांबली नाही, शबरीमलैचा डोंगर ओस पडला नाही, आणि मुलांच्या मुंज-बारशांवर कोणी पहारा बसविला नाही. कारण त्या सरकारांच्या वर संविधान होते, खाली मतदार होता, आणि पाच वर्षांनी हिशेब द्यावा लागत होता. ज्या राज्यकर्त्याला वर कोणी नाही आणि खाली कोणाला तो जबाबदार नाही, तो धर्माला आपला प्रतिस्पर्धी मानतो. पोराच्या मनात आपल्याखेरीज दुसरा कोणी वडीलधारा असावा, हेच त्याला खपत नाही.

आजचा चिनी अंमल 1966 चा नाही, हे खरे. मठ पुन्हा बांधले गेले आहेत, पर्यटक त्यांची छायाचित्रे काढतात, आणि 1982 च्या राज्यघटनेत 'सामान्य' धार्मिक व्यवहारांना संरक्षण आहे. सामान्य कोणते हे सरकार ठरविते. 1996 पासून मठांमठांतून 'देशभक्तीचे शिक्षण' सुरू झाले आणि दलाई लामांच्या छायाचित्रावर बंदी आली. 1 सप्टेंबर 2007 पासून लागू झालेल्या फर्मानान्वये कोणत्याही लामाच्या पुनर्जन्माला सरकारी मान्यता आवश्यक झाली. साका दावाच्या पवित्र महिन्यात आणि हिवाळी सुट्टीत मुलांना धार्मिक कार्यक्रमांपासून दूर ठेवण्याच्या सूचना ल्हासाच्या शाळांकडून पालकांना जातात. आणि या सर्वांवर ताण म्हणजे गेदुन छोक्यी न्यिमा या मुलाची कथा. 25 एप्रिल 1989 रोजी जन्मलेल्या या बालकास दलाई लामांनी 14 मे 1995 रोजी अकरावे पंचेन लामा म्हणून जाहीर केले. तीन दिवसांनी चिनी अधिकाऱ्यांनी त्याला आईबापांसह ताब्यात घेतले. त्यानंतर तो जगाच्या दृष्टीस पडलेला नाही. तेव्हा तो सहा वर्षांचा होता, गिरडच्या वाटेवर दगड वेचणाऱ्या मुलीच्या वयाचा.

नोर्ग्येलिंगातील दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या अंगणात एक मुलगा पायऱ्यांवर बसून मोठ्याने काहीतरी घोकत होता. जवळ जाऊन ऐकले तर ते 'धीः धीः धीः' होते. एका श्वासात जितक्या वेळा म्हणता येईल तितक्या वेळा. तो मंजुश्रीचा, विद्येच्या बोधिसत्त्वाचा बीजाक्षरमंत्र. बुद्धी तल्लख व्हावी, पाठांतर टिकावे म्हणून तिबेटी मुले पहाटे तो असा म्हणतात. दम संपला की मुलगा थांबे, पुन्हा छाती भरून घेई आणि पुन्हा सुरू करी. आतून त्याच्या आईने हाक मारली. बस येण्याची वेळ झाली होती. त्याने दप्तर उचलले आणि माझ्याकडे पाहून शुद्ध मराठीत विचारले, "काका, तुम्ही वर्ध्याचे का?" संस्कृतचा बीजमंत्र, तिबेटचे उच्चारण आणि झाडीपट्टीची मराठी एका पोराच्या तोंडी इतक्या सहजतेने नांदताना पाहून मला या आपल्या प्रांताविषयी जो अभिमान वाटला तो मी लपवू इच्छीत नाही. हे मूल येथे निर्भयपणे आपली प्रार्थना म्हणते, याचे थोडे श्रेय ज्या भूमीने त्याच्या पूर्वजांना नांगर धरायला जागा दिली तिलाही आहे.

परतण्यापूर्वी मी प्रतापगडाची टेकडी चढून आलो. पडक्या किल्ल्याच्या त्या डोंगरावर महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान हारूनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला येथे दूरदूरच्या लोकांची मोठी यात्रा भरते, आणि तिबेट्यांचे नववर्ष, लोसार, पुष्कळदा त्याच दिवसांच्या आगेमागे येते. वसाहतीतील वडीलधाऱ्यांना मात्र एक चिंता आहे. शिकलेली तरुण मंडळी बंगळूर-दिल्लीस आणि परदेशी जातात, शेते मागे राहतात, आणि जी भाषा, जे पाठ, जे पूजाविधी आजोबांनी इतक्या कष्टाने वाचविले ते येथे, कोणाची बंदी नसतानाही, ऐकणाऱ्याअभावी सुटून जातील की काय, असे त्यांना वाटते. ही चिंता आपल्या समुद्रपूरच्या भजनी मंडळांनाही परकी नाही.

विदर्भातील शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. समुद्रपूर, हिंगणघाट, उमरेड या भागांतील शाळांच्या सहली दरवर्षी ठरावीक ठिकाणी जातात; त्यांतील एक सहल गिरड, पवनी, इटियाडोह आणि नोर्ग्येलिंग या मार्गाने न्यावी. एका मुक्कामात ती सहज होते, रस्ता चांगला आहे, आणि फाल्गुनात जावे म्हणजे माणसे घरी भेटतात. मठात जाताना छोर्तेनला आपल्या प्रदक्षिणेप्रमाणेच उजवी घालावी, छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, आणि एखाद्या आजोबांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारण्याची मुलांना मुभा द्यावी. ज्यांनी ते लहानपण त्या देशात काढले अशी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि ती आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात आहेत.